तीन वाजेपर्यंतचा सूड

विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, दलदलीच्या कडेकडेने जी गावं आहेत, तिथे कुणाचं हरीण बाण खाऊन पळालं की माणसं देवाच्या आधी वँडा प्रिलला फोन करतात. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, आणि हातातल्या दोरीला टिली, म्हणजे बुटकी, लांबट, राठ केसांची डॅक्सहुंड कुत्री. रक्ताचा एक थेंब हुंगला की टिली मैलभर माग काढायची. वँडाने एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली. निम्म्या शिकाऱ्यांना तिने लहानपणी कान धरून जागेवर बसवलं होतं. तिच्याशी खोटं बोलणं अवघडच, पण शिकारी माणूस, बोलायचाच.

"बाई, अगदी फुप्फुसात घातलाय बाण!"

"मग मला कशाला उठवलंस रे? फुप्फुसात लागलेलं हरीण शंभर पावलांत पडतं. जा, उचलून आण."

अशी ही हसरी बाई. पण एका माणसावर तिने नागिणीसारखा डूख धरला होता. त्याचं नाव ऑर्लन टेस्के.

झालं होतं असं. जंगलात म्हाताऱ्या गुनारची लाकडी खोली आहे. दर हंगामात आठ-दहा शिकारी तिथे जमतात. तिथली रीत अशी की नेम चुकला त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि भिंतीला ठोकायचं. नेम चुकणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट. जखमी जनावर सोडून देणं मात्र पाप. मग लबाड माणूस काय करतो? जखमी जनावर सोडून येतो आणि नेम चुकला म्हणत हसत हसत सदरा पुढे करतो.

पाच वर्षांपूर्वी ऑर्लनने तेच केलं. "चुकला बुवा! कापा सदरा!" सगळे पोट धरून हसले. नवव्या दिवशी वँडाच्या नवऱ्याला, लेस्टरला, कावळे घिरट्या घालताना दिसले. खाली एक मादी सडून पडली होती, पोटात पिवळ्या पिसांचा बाण. लेस्टरने तो बाण गुनारसमोर ठेवला. आता गंमत बघा, ऑर्लनला धनुष्य धरायला लेस्टरनेच शिकवलेलं, दोघांचे बाणही लेस्टरच्याच हातचे, पिसं एकसारखी. ऑर्लन म्हणाला, "माझा तर चुकला होता, भिंतीवर पुरावा आहे. हा बाण तुझाच, लेस्टर." गुनारने चिंधीवर विश्वास ठेवला आणि लेस्टरला खोलीची पायरी चढायला बंदी केली, आणि तसं गावच्या दारूगुत्त्यात सगळ्यांदेखत सांगितलं. लेस्टरने धनुष्य माळ्यावर टाकलं. दोन वर्षांत गेला. मातीला त्या खोलीतला एक माणूस आला नाही.

त्यानंतर वँडाने टिली पाळली. लोकांना वाटलं, बाईला सोबत हवी. तिला हवा होता एक फोन.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी, साडेसातला, तो आला. "बाई, मी ऑर्लन. मोठा शिंगाळा आहे, दहा टोकांचा. सातला बाण मारला, पळाला. मागच्या गोष्टी मनात धरू नका."

"छे रे," वँडा म्हणाली. "आले."

गवतावर दहिवर होतं. गुनार आणि आणखी चौघे कॉफीचे पेले घेऊन उभे होते. वँडाने हरणातून आरपार जाऊन गवतात पडलेला बाण उचलून नाकाशी नेला. हिरवट चिकटा, कुजका वास. म्हणजे बाण पोटातून गेला होता. असं हरीण आठ-आठ तास जगतं. त्याला एकटं सोडलं तर जवळच बसतं आणि बसल्या जागी मरतं. मागे लागलं तर उठून नदीपार जातं, मग कुणालाच सापडत नाही.

"कुठे लागला?" तिने विचारलं.

ऑर्लनने गुनारकडे पाहिलं. "फुप्फुसात. आत्ताच निघू या बाई, दुपारनंतर पाऊस सांगितलाय."

पाच वर्षं वँडा याचीच वाट बघत होती. त्याच्याच शब्दावर चालायचं, कुत्री सोडायची, शिंगाळा उठवायचा. दहा टोकांची ती शिंगं त्याला जन्मात दिसू द्यायची नाहीत. तिने टिलीला पट्टा चढवला. टिली नाक खाली घालून ओढू लागली. तीसेक पावलांवर गवत दबलेलं, त्यावर रक्ताचा काळपट डाग, अजून ओला. जनावर इथे टेकलं होतं आणि पुढे फार गेलेलं नव्हतं. आणखी थोडं ओढलं की काम फत्ते.

वँडा थांबली. टिलीला उचलून काखेत मारलं आणि परत आली.

"काय झालं?" गुनारने विचारलं.

"तीन वाजता निघायचं." गाडीचं मागचं फळकुट पाडून ती त्यावर बसली.

"तीन? पाऊस येईल, बाई!"

"येऊ दे. टिलीला पावसातही वास येतो. माझं भांडण त्या हरणाशी नाही, ऑर्लन."

पुढचं कुणाला समजवायला लागलं नाही. तीनपर्यंत थांबायचं म्हणजे बाण कुठे लागला, ते गुनारला पाठ होतं. वँडाने पावात कलेजीचा सॉसेज घातला आणि सावकाश चावू लागली.

"किती वाजले रे, ऑर्लन?"

"दहा."

"फुप्फुसातलं हरीण आठ तास जगल्याचं ऐकलंस का कधी?"

एकजण फिस्सकन हसला. दुसरा म्हणाला, "याच्या हरणाला तीन फुप्फुसं असतील!"

"किती वाजले?"

"साडेअकरा," ऑर्लन दात खाऊन म्हणाला.

"तू बसमध्ये दुसऱ्याच्या डब्यातलं खायचास. विचारलं की तोंड पुसायचास. किती वाजले?"

पाऊस भुरभुरू लागला. एक वाजला तसा ऑर्लन कडाडला. "हो! पोटात लागला! ती मादी होती ना, तशीच पोटात! आता फाशी द्या मला!"

टिलीने अंग झाडलं.

"कोणती मादी?" गुनारने हळूच विचारलं.

ऑर्लनने टोपी डोळ्यांवर ओढली.

तीनला वँडा उठली. टिलीने अर्ध्या तासात शिंगाळा गाठून दिला. लव्हाळ्यात बसलेला, मान ताठ, उठायचं बळ नव्हतं. "जवळ जा," वँडा म्हणाली. "अजून जवळ. आता नेम चुकवू नकोस." दुसऱ्या बाणाने तो शांत झाला. शिंगांसोबत फोटो काढायचं कुणी नाव काढलं नाही.

परतताना गुनार म्हणाला, "याला मी आजच हाकलतो."

"मुळीच नाही. हाकललेला माणूस सुटतो. राहू दे. दर हंगामात तुमच्यासमोर बसून जेवू दे."

"आणि लेस्टरचं..."

"लेस्टर गेला, गुनार. त्याला आता तुझी पायरी नको. त्याचं नाव तू जिथे बुडवलंस तिथेच वर काढायचं."

ते ठिकाण म्हणजे गावचा दारूगुत्ता. शुक्रवारी तळलेले मासे खायला अख्खं गाव तिथे लोटतं. वँडा मधल्या टेबलावर बसली. ऑर्लन कोपऱ्यात, मान ताटात. गुनार टोपी काढून उभा राहिला आणि पुटपुटला, "लेस्टर प्रिल खरं बोलला होता. खोटा ऑर्लन होता, आणि मूर्ख मी."

वँडाने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"मागच्या टेबलांना ऐकू आलं नाही, गुनार."

त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"बाहेर गाड्या लावताहेत, त्यांनाही ऐकू दे."

गुनारने तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. मग वँडाने वाढणारीला हाक मारली आणि मासे आणखी मागवले.