विणकर मावशीचे ई-मेल

माझी आई आयुष्यात कधी हातमागावर बसली नाही. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या दोन खोल्यांत ती साड्यांवर खडे चिकटवते. गोंदाच्या वासाने तिचं डोकं दुखतं, म्हणून दार उघडं ठेवते. तरी जवळजवळ वर्षभर महाराष्ट्रातल्या हजारो बायका तिला हातमागावर साड्या विणणारी मावशी समजत होत्या. ही करामत माझी.

मी रिंग रोडवरच्या एका साडीवाल्याकडे नोकरीला होते. दुकान लहान, पण माल नेटवरून विकायचा. गिऱ्हाइकांना मराठीतून ई-मेल पाठवायचे हे माझं काम. वडील खानदेशातून लूम चालवायला सुरतेला आले. मी इथेच वाढले, गुजराती शाळेत शिकले, मराठी घरात आणि वाचनालयात कमावलं. त्याचा उपयोग शेवटी हा झाला.

एक दिवस शेठने अहमदाबादहून एक सल्लागार बोलावला. माणूस एसीतही घामाघूम, पण आत्मविश्वास भरपूर. त्याने आम्हा चौघांना दुपारभर विश्वास शिकवला. सबस्क्रायबर म्हणजे कुटुंब. त्याला नावाने हाक मारा. त्याला वाटलं पाहिजे की पलीकडे कोणीतरी जिवंत माणूस आहे. मी भाबडेपणाने विचारलं, "मग आपणच का लिहू नये? आपण जिवंतच आहोत." तो हसला. म्हणाला, "बेन, तुम्हाला कोण ओळखतं?"

म्हणून विणकर मावशी जन्माला आली. तिला चेहरा हवा होता. एका प्रदर्शनात शोभेसाठी माग मांडला होता, त्यावर आई गमतीने बसली होती आणि मी फोटो काढला होता. तो मी दिला. कोणी मागितलासुद्धा नव्हता. शाबासकीची भूक किती हलकी असते ते मला तेव्हा कळलं नाही.

दर मंगळवारी मावशी लिहू लागली. "आज पहाटे मागावर बसले आणि तुझी आठवण आली." खाली पॉलिस्टरच्या साड्या, सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या पॉवरलूमवर तागेच्या तागे निघालेल्या. गिऱ्हाइकाचं नाव मशीन आपोआप घालायचं. कोणा वैतागलेल्या बाईने फॉर्ममध्ये नावाच्या जागी "नको" लिहिलं होतं, तर तिला दर आठवड्याला जायचं: "प्रिय नको, तुझी आठवण आली." शेठला दाखवलं तर तो म्हणाला, "चालशे. वाचे तो छे ने?" चालेल, वाचते तर आहे ना.

नको असलेले मेल बंद करायची सोय अगदी तळाशी, राखाडी पाटीवर राखाडी अक्षरांत. ती दाबली की पासवर्ड मागायची, आणि पासवर्ड कोणाला दिलेलाच नव्हता. कुटुंबातून बाहेर पडायचा रस्ता आम्ही असा बंद करून टाकला होता.

मग अमरावतीकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं उत्तर आलं. अशी उत्तरं कोणी वाचत नसे, मी वाचलं. त्यांनी लिहिलं होतं: "मावशी, माझे वडील विणकर होते. मागाचा आवाज ऐकून आम्ही झोपायचो. तुमच्याकडे काठासाठी वेगळा धोटा वापरतात का? सुनेच्या डोहाळजेवणासाठी साडी मागवली आहे. तुमच्या हातची म्हणून."

मी नेटवर शोधून धोट्याविषयी, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी साधनाविषयी, चार ओळी लिहून पाठवल्या. खाली सही मावशीची. त्यांना इतका आनंद झाला की वडिलांच्या मागाची आणखी एक आठवण लिहून आली. मी तीही वाचली आणि डबा खायला गेले.

दहा दिवसांनी तिसरा मेल आला. त्यात "मावशी" नव्हतं.

"साडी मिळाली. मी मागाच्या कुशीत वाढलेली मुलगी आहे, मला हाताने विणलेलं कळतं. ही साडी मशीनची आहे. मशीनची असण्याला माझी हरकत नाही. तुम्ही कोण आहात?"

मी शेठला विचारलं काय लिहू. त्याने मान वर न करता सांगितलं, "कूपन मोकली दो, बेन."

मी कूपन पाठवलं नाही. घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. फोटो दाखवला. तिने चष्मा लावून फोनवर तो बराच वेळ पाहिला.

"मन्हा फोटो काब्र टाका?" तिने विचारलं. माझा फोटो का टाकलास.

मी म्हटलं, "लोकांचा विश्वास बसावा म्हणून."

"मंग बसना का?"

"बसला."

ती हातातली साडी पुढे ओढून खडे लावत राहिली. चार-पाच खडे लागल्यावर म्हणाली, "तिले खरं सांगी दे. मी माग चालाडत नही, खडा चिकटाडस."

मी माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून लिहिलं. मावशी नाही, फोटो माझ्या आईचा, साडी पॉलिस्टरची, धोट्याची माहिती नेटवरची. माफी मागितली. मनात कुठेतरी वाटत होतं की त्या बाई लिहितील, बाळा, खरं बोललीस, हेच मोठं. आमच्या धंद्याची सवय, प्रत्येक गोष्टीचं काहीतरी परत मिळालं पाहिजे.

त्यांनी लिहिलं: "खरं सांगितल्याबद्दल आभार मानणार नाही. ते पहिल्या दिवशी सांगायचं होतं. साडी परत पाठवते आहे. माझं नाव तुमच्या यादीतून काढा. साडी आल्यापासून ही विनंती मी दोनदा केली आहे."

मी नाव काढलं. मग मागची सगळी उत्तरं उघडली आणि "बंद करा" म्हणून लिहिलेल्यांची नावं एकेक करून काढत बसले. दोन दिवस लागले. "नको" लिहिणाऱ्या बाईलाही सोडवलं.

यादी घटलेली शेठला लगेच दिसली. मी माझं माफीपत्र त्याच्यापुढे ठेवलं. वाटलं, ओरडेल, काढून टाकेल. त्याने ते दोनदा वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"बेन, आ तो बहु सरस छे! सगळ्यांना पाठवा. विषय लिहा, आमची चूक झाली. खाली कूपन. आणि मम्मीचा असा फोटो घ्या ना, नजर खाली केलेला."

सल्लागाराला फोन लागला. तोही खूश झाला. म्हणे, माफीचे मेल लोक सर्वात जास्त उघडतात.

खोटं पकडलं गेल्यावर माणूस लाजतो हे मला ठाऊक होतं. लाजेचंही दुकान मांडता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी आईचा फोटो सगळीकडून पुसला, राजीनामा लिहिला आणि निघाले. शेठ मागून विचारत होता, "पण रागावायला काय झालं?" त्याला खरंच कळलं नव्हतं.

आता मी कडोदऱ्याला एका कापड युनिटच्या ऑफिसात आहे. माल कुठवर आला एवढंच व्यापाऱ्यांना कळवते. गेल्या आठवड्यात नागपूरचा एक व्यापारी माल कधी निघेल म्हणून विचारत होता. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "‘उद्या निघेल’ असं लिहून टाक, शांत होईल." मी लिहिलं, रंग नीट बसला नाही, पुन्हा करावा लागेल, शुक्रवारच्या आधी निघणार नाही. व्यापाऱ्याने फोन करून मला दहा मिनिटं झापलं. मी ऐकून घेतलं. माल शुक्रवारी निघाला.