काजळपीठाचा गुरव

उत्तरायणानंतरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास, बडोद्याच्या गोत्री भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये चालू असलेल्या खेळातून एक खेळाडू उठून गेला. त्याने फासा टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि दार हळू ओढून घेतले. टेबलाशी आम्ही तिघे उरलो.

खेळ साधा आहे. एक जण काल्पनिक जग रचतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात, आणि पात्राने ठरवलेले काम जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा सांगतो. जग रचणारा मी होतो. खेळणारे तिघे: शाळेत गणित शिकवणारी एक मैत्रीण, बँकेत नोकरी करणारा तिचा नवरा, आणि गोरव्यातल्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढणारा माझा मित्र. उठून गेला तो हा.

त्या जगासाठी मी एक धर्मपीठ रचले होते. नाव काजळपीठ. त्याचा देव ज्योतीत राहतो आणि मागे काजळी ठेवतो. ती काजळी कपाळाला लावण्याचा अधिकार पायरीपायरीने मिळतो. वर पीठाचार्य, त्याखाली दीपधर, त्याखाली वाचक. सगळ्यात खाली गुरव. गुरवाला काजळी नाही. तो झाडतो, पाणी भरतो, वाती वळतो. हे सगळे मी एका चाळीस पानी वहीत लिहून काढले होते. अकराव्या पानावर गुरवासाठी खास नियम होता: नैवेद्य समोर आला की गुरवाने फासा टाकायचा. दहाच्या खाली पडले तर तो नैवेद्य खाऊन टाकतो आणि सगळ्यांची प्रार्थना वाया जाते.

हा नियम टेबलावर सर्वात जास्त हसू आणणारा ठरला.

गुरव हा शब्द मला घरातून मिळाला. माझे पणजोबा संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. त्यांच्यासोबत जे शब्द आले ते आमच्याकडे तसेच राहिले. पान वाढून होण्याआधी कोणी घास घेतला की आजोबा म्हणत, ‘आला आमचा गुरव.’ सगळे हसत. मी एकाही गुरवाला पाहिले नव्हते. शब्दामागे माणसे असतील, ती आजही असतील, आणि त्यांतली काही बसने वीस मिनिटांवर राहत असतील, हे माझ्या मनात आले नाही.

कोणी कोणते पात्र घ्यायचे तेही फाशानेच ठरले. मित्राच्या वाट्याला गुरव आला. तो म्हणाला, ‘दुसरं काही घेऊ का?’ मी म्हणालो, ‘फाशाने ठरलं, भाई.’

त्याने ते पात्र तीन महिने खेळले आणि चांगले खेळले. त्याचा गुरव उजाडण्याआधी बेल तोडून आणी, तांब्याची भांडी चिंचेने घाशी, कोणाच्या घरून आज काय येणार हे त्याला आधीच माहीत असे. मी एकदा विचारले, ‘हे कुठे वाचलंस?’ तो म्हणाला, ‘असंच.’ माझ्या वर्तमानपत्रात एखाद्या बातमीदाराने असे उत्तर आणले असते तर मी त्याला परत पाठवले असते. इथे मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या महिन्यात, खाली पार्किंगमध्ये स्कूटर काढताना त्याने मला सांगितले, ‘गुरवच्या जागी सेवेकरी कर ना.’

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. शब्दांवर निर्णय देणे हे माझे रोजचे काम आहे. मी म्हणालो, ‘कोशात आहे. अपशब्द नाही. सेवेकरीला ती मजा नाही.’

‘बरं,’ तो म्हणाला, आणि स्कूटर चालू केली.

म्हणजे मला माहीत नव्हते असे मला म्हणता येत नाही. मला सांगितले गेले होते.

त्या रविवारी खेळात दुष्काळ होता. पीठाचार्यांनी शेवटच्या तांदळाचा नैवेद्य ठेवला होता. गुरव एकटा गाभाऱ्यात.

‘टाक फासा,’ मी म्हणालो.

‘माझा गुरव खात नाही.’

‘ते फासा ठरवेल.’

‘मी सांगतो ना, खात नाही.’

मैत्रिणीने टाळी वाजवली. ‘चालो महाराज, जमवा बेसो!’ ती गुजरातीत जेवायला बसवत म्हणाली. तिच्या नवऱ्याने पुस्ती जोडली, ‘अरे, वाढा रे त्याला, भुकेने बोलतोय तो.’ मी हसलो. मग मी म्हणालो, ‘टाक लवकर. नियम तुझ्या एकट्यासाठी बदलणार नाही.’

त्याने टाकला. तीन पडले. दोघे टेबलावर हात आपटून हसायला लागले. तो त्यांचे हसू संपेपर्यंत थांबला.

‘माझे आजोबा गुरव होते,’ तो म्हणाला. ‘गावच्या महादेवाच्या देवळात. बाबाही, बडोद्याला येईपर्यंत.’ मग माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘मी तुला सांगितलं होतं.’

त्यानंतर तो उठला.

संध्याकाळी मी आमच्या ग्रुपवर लिहिले: ‘आजच्या खेळातील उल्लेखामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करतो.’

त्याचे उत्तर दोन मिनिटांत आले. एकच शब्द होता. ‘असल्यास?’

हे वाक्य मी डेस्कवर कित्येकदा लिहिले आहे. त्यातल्या ‘असल्यास’चा उपयोग मला ठाऊक आहे. चूक कबूल करायची नसते आणि प्रकरण मिटवायचे असते तेव्हा तो शब्द घालतात. तो माझ्या बोटांतून आपोआप आला.

पुढच्या शनिवारी सकाळी मी गोरव्याला त्याच्या घरी गेलो. तो कामावर होता. दार त्याच्या वडिलांनी उघडले. मी कोण ते सांगितले.

‘वहीवाले तुम्हीच काय?’ ते म्हणाले. ‘या, बसा.’

देवळाचा नकाशा काढायला मित्राने वही घरी नेली होती, ती तिथेच राहिली होती. वडिलांनी ती कपाटातून आणली. ‘त्याने साड्यांखाली ठेवली होती. गेल्या शनिवारी मला सापडली. दर रविवारी हा काय खेळतो म्हणून विचारायचो, तर सांगायचा, देवळाचा खेळ आहे. म्हटलं, बघू तरी.’

गेला शनिवार म्हणजे त्या रविवारचा आदला दिवस; वडिलांनी वही वाचल्यानंतर तो खेळायला आला होता.

‘काका, मी माफी मागायला आलोय,’ मी म्हणालो. ‘अकरावं पान...’

‘तुमचं गाव कुठलं?’

‘इथलेच आम्ही. चार पिढ्या.’

‘मग तुम्हाला कुठून माहीत असणार.’ त्यांनी चष्मा लावला आणि पान काढले. ‘इथे चुकलंय. गुरव दिवा विझवतो, असं लिहिलंय तुम्ही. देवापुढचा दिवा विझवला म्हणत नाहीत. शांत केला म्हणतात. मी केलंय ते नीट.’

‘विझवतो’वर पेन्सिलीची बारीक रेघ होती. वर ‘शांत करतो’ असे सुबक अक्षरात. खाली, नैवेद्याच्या नियमावर, काहीच खोडलेले नव्हते. समासात एवढेच होते: ‘देवाला दाखवून झाल्यावर नैवेद्य गुरवाच्या हक्काचा असतो. तो त्यातला वाटतोही.’

‘मला माहीत होतं, काका,’ मी म्हणालो. ‘त्याने शब्द बदलायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.’

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

‘ते त्याला सांगा,’ ते म्हणाले. ‘रविवारी जेवण झालं की तुमच्याकडे यायला शर्ट बदलायचा. उद्या यायचं नाही म्हणतो.’

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिले: ‘मी गुरवांची टिंगल करणारा नियम लिहिला. मित्राने थांबायला सांगितल्यावरही थांबलो नाही. चूक माझी आहे. मी माफी मागतो.’ पाठवण्याआधी दोनदा वाचले. ‘असल्यास’ नव्हते.

मैत्रिणीने आणि तिच्या नवऱ्याने त्याच दिवशी त्याला वेगळे फोन केले. त्याने दोघांचे फोन घेतले. त्यानंतर सहा रविवार गेले. खेळ झालेला नाही. माझ्या संदेशाखाली दोन निळ्या खुणा आहेत. उत्तर आलेले नाही.