चिनी मातीची धनगरीण

गेल्या वर्षी तीन डिसेंबरला मी लासुर्ण्याच्या आमच्या छोट्या संग्रहालयात कपाटांच्या काचा पुसत होते. शेवटच्या कपाटाशी आले आणि फडकं हातातच राहिलं. आत चिनी मातीचा मेंढपाळ एकटा उभा होता. शेजारची मेंढपाळीण नव्हती.

वीतभर उंचीची ती जोडी अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलेली. एक साहेब मायदेशी परतला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, आणि ज्यांच्या संग्रहातून हे संग्रहालय उभं राहिलं त्या आबांच्या वडिलांनी ती हौसेनं घेतली. गावात सगळे तिला धनगर-धनगरीण म्हणत. धनगरणीच्या कुशीत कोकरू आणि पुढं केलेल्या हातात फुलं होती. अशी अख्खी जोडी सहसा बघायला मिळत नाही, असं मुंबईहून आलेल्या तज्ज्ञ बाई सांगून गेल्या होत्या.

चोरी झाली असं समजून मी दाराचं कुलूप तपासलं. ते शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक आबांकडे. आबांवर संशय घ्यावा असं मनातही आलं नाही.

आबांनी जन्मभर ऊस लावला आणि फुटक्या मूर्ती गोळा केल्या. मूर्ती भंगली की लोक ती विहिरीत नाहीतर नदीत सोडून देतात. आबा कमरेला दोर बांधून उतरत आणि ती वर काढत. कळस गावाजवळच्या एका विहिरीतून त्यांनी हात तुटलेली महिषासुरमर्दिनी काढली, ती पन्नाशी उलटल्यावर. भंगलेला देव घरात ठेवला तर पिडा येते, असं भावकीनं ऐकवलं. आबा म्हणाले, "पिडा आणायला हिला हात तरी हायेत का?" पुढं मूर्ती घरात मावेनात, तेव्हा त्यांनी सगळा संग्रह गावाच्या ट्रस्टला दिला आणि ट्रस्टनं देखरेखीला मला नेमलं. बारामतीहून मी रोज एसटीनं येई. माझ्या आधी आबा दारात हजर.

बायका मूर्तींपुढं नाणी ठेवत. आबा ती उचलून ज्याची त्याला परत देत आणि बजावत, "हितं देव न्हाईत, वस्तू हायेत. हात जोडू नका आन् हात लावू बी नका." एकदा एका पुढाऱ्यानं देवीपुढं नारळ आणला. आबांनी तो बाहेर पायरीवर फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि मोठा तुकडा पुढाऱ्याच्याच हातावर ठेवला. हा असा माणूस.

त्या दिवशी ते उशिरा आले. धनगरीण दिसत नाही, पोलिसांत कळवू का, असं मी विचारलं. ते बाकावर बसले.

"कळवू नका. मीच सोडली."

"सोडली म्हणजे?"

"कालव्यात. काल सांजच्याला पुसताना तिचा हात निखळला. भंगलेली ठेवत न्हाईत."

मी शिडीच्या पायरीवर बसले. कुणी ती पळवली असती तर मी तक्रार केली असती, कुणी फोडली असती तर भांडले असते. हे ऐकल्यावर काय करायचं ते मला सुचेना. समोर विहिरीतून काढलेली देवी होती आणि ती काढणारा माणूस मला विसर्जनाची हकिकत सांगत होता. त्यांनी तिला खणात गुंडाळलं होतं, सोबत नारळ दिला होता.

तुटलेला हात एका दिवसात जोडून मिळाला असता, असं मी म्हटलं. ते त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, लग्नानंतरच्या पहिल्या सणापासून ती धनगरीण गौरीपुढच्या आराशीत मांडली होती. दरवर्षी. अक्का वारल्यावर आबांनी ती कपाटात आणून ठेवली होती.

"गौरीला लावलं की हिच्या बी कपाळाला बोट टेकवायची ती," आबा म्हणाले. "इतकी वर्सं हळदीकुंकू लागलंया. मग ती वस्तू कशी ऱ्हाईली, बाई?"

"आबा, ती भट्टीत भाजलेली आहे. पाण्यात विरघळणार नाही. शंभर वर्षं तशीच पडून राहील."

"मग बरंच की. माझ्यासारखा कुणीतरी काढंल."

मी कालव्यावर जाऊन आले. शेतीला पाणी सोडायचं आवर्तन चालू होतं, पाणी काठोकाठ आणि ओढ जबरदस्त. काठानं पुलापर्यंत चालत गेले. कुणाला उतरवणं शक्य नव्हतं. परत आले तर आबा धनगराच्या कपाटाची काच पुसत होते. याचंही काही ठरवलंय का, असं मी जरा तोडूनच विचारलं.

"त्याला काय झालंय? धड हाय की त्यो."

मी दालनावरून नजर फिरवली. देवीला हात नव्हते, गणपतीला सोंड नव्हती, नंदीला तोंड नव्हतं. त्या दालनात धनगराखेरीज धड अशी एकही मूर्ती नव्हती.

आबा या उन्हाळ्यात गेले. लोक त्यांच्याविषयी विहिरींच्या गोष्टी सांगतात, मीही सांगते. धनगरणीचं मात्र ट्रस्टच्या लोकांपलीकडे कुणाला सांगितलं नव्हतं.

आबांनी ते सांगितलं त्याच संध्याकाळी मी बारामतीतून नवं कुलूप घेतलं, दुसऱ्या दिवशी लवकरची एसटी पकडली, आबा यायच्या आत जुनं काढून ते दाराला लावलं आणि दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. आबा नेहमीच्या वेळेला आले. त्यांनी खिशातून आपली किल्ली काढली, कुलपाकडे पाहिलं, किल्ली परत खिशात ठेवली.

"दांडगं हाय कुलूप," ते म्हणाले, आणि मी दार उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिले.