मोहरची डावी बाजू

भूत-बित मी कधी मानलं न्हाई. रात्रीची राखणीला शेतात राहिले, मसणवट्याच्या वाटेनं सरपण आणलं... मला तर कोणी आडवं आलं न्हाई. भ्यावं तर जित्या माणसाला, असं माझं म्हणणं. पण ही एक गोष्ट हाय. मी सांगते, माझी नात लिहून राहिली.

आमचं गाव शिरड शहापूरच्या अंगाला. तवा जिल्हा परभणी होता. दुष्काळाचं साल — दिवसभर खडी फोडायची अन् सुकडी खाऊन झोपायचं. गावात खांदेकऱ्यांचं मंडळ होतं. कोणाच्याबी घरी मयत झालं की ही माणसं हातातलं काम टाकून जायची. तिरडी बांधायची, खांदा द्यायची. पैसा न्हाई, त्या घरचं पाणीसुद्धा न्हाई. माझे मालक किसन त्यातलेच. तिरडीची मोहरची, म्हणजे पुढची, डावी बाजू त्यांची. खांद्यावर पंच्याची घडी ठेवली की निघाले. पेरणी अर्धी टाकून गेलेले मी पाह्यले.

"जित्यापरीस मेलेल्यांचीच सोयरीक जास्त तुमाला," मी म्हणायची.

"मेलेला कटकट न्हाई करत," ते म्हणायचे. "तू करून राहिली."

माझी सासू त्यांना रोज विचारायची, "साऱ्या गावाला खांदा देतोस, मला देशील का रे?"

"तुला देल्याबिगर मी कुठं जात न्हाई, माय."

पण तेच आधी गेले. खडीवरून ताप घेऊन आले, ते उठलेच न्हाईत.

सासूला ते पटलंच न्हाई. "किसन मयतीला गेलाय, येईल," म्हणत दारात बसायची. थोड्याच दिवसांत तिनंबी अंथरूण धरलं. शेवटी माझा हात धरून म्हणली, "किसन खांदा देईल ना गं?"

"देईल, आत्याबाई."

मरत्या माणसाला दुसरं काय सांगावं? बोलले खरं... पण आता तो शब्द पाळणार कोण?

मंडळाची एक रीत होती. त्यांच्यातला कोणी गेला की गावातल्या पुढच्या मयताला त्याची जागा रिकामी ठेवायची. विसाव्याच्या दगडापर्यंत तिघांनीच न्यायचं, मागच्यानं हात लावून तोल सांभाळायचा. विसाव्यावर त्या जागी नवा माणूस लागायचा अन् गेलेल्याचा पंचा मागून त्याला मिळायचा. मालकांच्या मागं पयलं मयत सासूचंच.

"दाजीबा, म्हातारी जड हाय, लावा कोणाला तरी," अंगणात कोणी म्हणलं.

दाजीबा मंडळाचे म्होरके. "रीत म्हणजे रीत," म्हणले.

तिघांनी उचललं. मी दारातून पाहून राहिले. डावा कोपरा खाली जायला पायजे होता. गेला न्हाई. बांबू बराबर सरळ. गुलाल उधळत वळणाआड गेले, तरी सरळच.

दिवस कलायला आला तवा दाजीबा आंघोळ करून आले. दारातच उभे.

"वहिनी, पंचा पायजे." मंग आवाज खाली केला. "डावीकडं वजनच आलं न्हाई हो. मागच्याला हात लावायचं काम पडलं न्हाई. विसाव्यावर तुमच्या भाच्याला तिथं लावलं, तर त्याचा खांदा खचला. म्हणे, आतापर्यंत हे कोण धरून होतं?"

"काहीबी बोलू नका, भाऊजी," मी म्हणले अन् पेटी उघडली. किल्ली माझ्याच कमरेला. पंचा मी सोता धुऊन, वाळवून, लुगड्यांच्या खाली ठेवलेला.

वरची लुगडी कोरडी होती. पंचा ओला लागला. खांद्यावरची घडी पडलेली, घडीवर बांबूचा वळ... अन् गुलाल.

दाजीबानं हात मागं घेतला. "राहू द्या वहिनी. जागा अजून सोडली न्हाई त्यानं."

तिथून पुढं कोणी तो पंचा मागितला न्हाई.

लोक म्हणतात, पेटीला ओल आली असंल. त्या साली विहिरीला ओल न्हवती, पेटीला कुठून येणार? मला उमगलं न्हाई, अजूनबी न्हाई.

आता मंडळ राहिलं न्हाई, गाडी येते. माझीबी येळ आली. नातीला सांगून ठेवलं — मला गाडीत घालू नका. तिघं बस झाले. मोहरची डावी बाजू सोडा.

पंचा पेटीतच हाय. कोरडा.