भीमरावांच्या चार बेडरूम

शिलाई मशीनखाली दिवसभर कातरण साचतं. कापताना एकेक तुकडा बोटाएवढा असतो, त्याकडे लक्ष जात नाही. संध्याकाळी झाडायला घेतलं की पोतंभर निघतं. गोष्टींचंही तसंच. म्हैसुरात नजरबादला माझं टेलरिंगचं दुकान होतं, दुकानापुढे एक बाक होता. माप द्यायला आलेला माणूस माप देऊन जात नसे, बसत असे. आणि म्हैसूरचा माणूस पेन्शनीला आला की बोलायला विषय एकच, साइट, म्हणजे प्लॉट, घेतली का आणि घर कधी बांधताय.

शाळेची पायरी मी चढलो नाही. अक्षरं विठ्ठलाच्या देवळातल्या भजनाच्या वहीवरून शिकलो आणि आकडे टेपवरून. पण घर कुणाला विकायचंय आणि कुणाला हवंय हे दोन्हीकडचं माझ्या कानावर पडायचं, म्हणून मी दोघांची गाठ घालून द्यायचो. बरीच घरं अशी इकडची तिकडे झाली. त्यातलं भीमरावांचं घर मात्र मला जन्मभर पुरलं.

* * *

भीमराव आमच्याच देवळातले, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. रिटायर झाल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये तीस बाय चाळीस फुटांची साइट घेतली. प्लॅन ठरला माझ्या दुकानात. सिद्दय्या मेस्त्री माझाच खडू घेऊन माझ्याच फरशीवर रेघा ओढत होता.

भीमराव म्हणाले, "बेडरूम चार पाहिजेत. दोन खाली, दोन वर."

सिद्दय्याने खडू कानावर ठेवला. इकडे घरमालकाला यजमान म्हणतात. तो म्हणाला, "येतील यजमान्रे. खोल्या चार येतील. माणसं आत येणार नाहीत."

"अरे, आजकाल लोक विचारतात काय? किती बेडरूम? केवढी आहे हे कोण विचारतं? उद्या विकायची वेळ आली तर? रीसेल व्हॅल्यू म्हणून काही असतं."

मला राहवलं नाही. "भीमराव, शर्टाला चार खिसे लावले म्हणून छाती वाढत नाही."

"मामा," ते म्हणाले, मला सगळे मामाच म्हणत, "गिऱ्हाईक खिसे मोजूनच भाव देतं."

त्यांच्या शर्टाला मीच दोन खिसे लावले होते, आणि दुसऱ्याचे पैसे वेगळे घेतले होते.

* * *

प्लॅन घरी गेला तेव्हा सुशीलावहिनी तांदूळ निवडत होत्या. भीमराव रीसेल समजावून सांगत होते. वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"चार करा नाही तर चाळीस करा. हॉल मात्र माझा. एकादशीला भजनाला तीस माणसं येतात. ती काय तुमच्या रीसेलमध्ये बसवू?"

सिद्दय्याने दोनदा विचारलं, "अम्मा, हॉलमधला दोन फूट द्या, बेडरूमला श्वास मिळेल."

"नाही."

"एक फूट?"

"तुझ्या घरातला दे."

हॉल ऐसपैस झाला. उरलेल्या जागेत चार बेडरूम बसवायच्या म्हणजे मोठ्या माणसाच्या कोटातून पोरांचे चार सदरे काढण्यासारखं होतं. निघाले. कसे निघाले ते सिद्दय्या आणि देव जाणे.

* * *

वास्तुशांतीनंतर पलंग आले. सागवानी, सगळे भाग सुटे करून आत नेले आणि आत जोडले. जोडल्यावर कळलं की आता दार उघडत नाही. सुतार आत, आम्ही बाहेर. त्याने आतूनच बिजागऱ्या काढल्या आणि दार डोक्यावर घेऊन बाहेर आला.

मग चारही दारं बाहेरच्या बाजूने उघडतील अशी बसवली. वरच्या मजल्यावर दोन खोल्या समोरासमोर, मध्ये दीड हाताचा बोळ. दोन्ही दारं एकदम उघडली की एकमेकांवर आपटायची आणि दोघंही आत अडकायचे.

वहिनी खालून म्हणाल्या, "अहो, चौकातला एक पोलीस आणून वर उभा करा."

* * *

पुढे वर्षं गेली. मंजू लग्न होऊन हुबळीला गेली, वसंत बेंगळुरूला, गोपाळ पुण्याला. आले तरी एकेकटे, एका रात्रीपुरते.

एके दिवशी वहिनी रिक्षाने दुकानात आल्या. पाच मिनिटं नुसत्याच बसल्या, दम लागला होता. मग म्हणाल्या, "मामा, माझ्या गुडघ्यांनी साकु म्हटलं. पुरे झालं म्हणतात ते. रोज जिना चढते, रोज चार खोल्या झाडते. तीन खोल्यांत झोपलेलं कुणी नसतं, तरी धूळ येते. तुमच्या मागच्या गल्लीतलं ते दोन खोल्यांचं घर मला पाहिजे. एक पायरी नाही. देवळाची घंटा ऐकू येते."

ते घर एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. त्यांच्याशी बोललो. त्या म्हणाल्या, "सुशीला येणार असेल तर दसऱ्यापर्यंत थांबते. पुढे नाही, मला मुलाकडे जायचंय."

भीमरावांचं घर विकल्याशिवाय हे जमणार नव्हतं. मी वहिनींना म्हटलं, "दसऱ्याच्या आत विकून देतो." शब्द देताना मला वाटलं, चार बेडरूमचं घर, काय अवघड आहे.

* * *

पहिलं गिऱ्हाईक कॉम्प्युटरवालं जोडपं. बोलायला गोड, नवरा सारखा भिंतीवर टकटक करून बघायचा. भीमराव पुढे होऊन घर दाखवायला लागले.

"ही मंजूची खोली."

बायकोने विचारलं, "मंजू कुठे आहेत, अंकल?"

"हुबळीला. ही वसंतची."

"ते?"

"बेंगळुरूला. वर डावीकडची गोपाळची. तो पुण्याला."

मग ती अगदी हळू म्हणाली, "मग अंकल, खोल्या इथे का बांधल्या?"

भीमराव म्हणाले, "रीसेलसाठी."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पदराने स्वच्छ असलेलं टेबल पुसत होत्या.

* * *

दुसऱ्या आल्या त्या जयलक्ष्मीपुरमच्या एक अम्मा, प्रोफेसरांच्या घरातल्या. आमच्या गावात नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, गोंबे म्हणतात. त्यांच्याकडे सासूची, आजेसासूची अशी पेट्या भरभरून गोंबे होती.

त्यांनी पहिल्या बेडरूममध्ये डोकं घातलं. "हे छान. इथे राजा-राणी."

दुसरीत गेल्या. "इथे दशावतार."

वर चढल्या. "इथे लग्नाची वरात. आणि या कोपऱ्यातल्या खोलीत शेट्टी-शेट्टीणीचं वाणसामानाचं दुकान."

भीमराव माझ्याकडे बघून हसले. अम्मा खाली उतरल्या, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, "गोंबे सगळी बसतात हो. आता माणसांना कुठे ठेवू?"

* * *

नवरात्र जवळ आलं. सिद्दय्या म्हणाला, खालच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडू, वरचीही पाडू, दोन मोठ्या बेडरूम होतील, आठ दिवसांत घर जाईल. तयार कपड्यातसुद्धा मधला साइज आधी जातो, हे मलाही पटलं. भीमराव एकच वाक्य बोलले.

"कुणाची खोली पाडू?"

भिंती राहिल्या.

मग अक्कल चालवली ती मी. दुकानातल्या पुतळ्याच्या अंगावर काही नसलं की तो मोठा दिसतो. मी म्हटलं, खोल्या रिकाम्या करा, मोठ्या दिसतील. आम्ही चारही पलंग, कपाटं, गाद्या, आरसा, सगळं बाहेर काढलं आणि ठेवायचं कुठे म्हणून हॉलमध्ये ठेवलं. हॉल छतापर्यंत भरला.

त्याच दिवशी पिरियापट्टणचे निंगेगौडा आले. तंबाखूचे शेतकरी, अंगाने दोन माणसांएवढे. त्यांना म्हैसुरात घर हवं होतं. "आमच्याकडून दवाखान्याला एक माणूस निघाला की सोबत आठ येतात. त्यांना पाठ टेकायला जागा पाहिजे," असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. हॉलमधल्या कपाटांमधून ते पोट आत घेऊन, आडवे चालत बेडरूमपर्यंत पोचले.

मी टेप काढला. ते म्हणाले, "ठेवा तो." चपला काढल्या, छत्री दाराला अडकवली आणि सरळ फरशीवर आडवे झाले.

"यजमान्रे, तुम्हीही झोपा."

भीमराव त्यांच्या डावीकडे झोपले.

"मामा, तुम्ही."

मी उजवीकडे, भिंतीला लागून. भर दुपारी आम्ही तीन म्हातारे छताकडे बघत पडलो. दारात वहिनी तोंडाला पदर लावून उभ्या.

"आता," गौडा म्हणाले, "तिघांनी एकदम कूस बदला."

माझं नाक भिंतीला लागलं. भीमरावांचा गुडघा कुणाला लागला ते कुणी बोललं नाही. गौडा उठून बसले.

"आमचा तंबाखू सुकवायचा बार्न याच्या दुप्पट आहे," ते म्हणाले. "आणि तंबाखू घोरत नाही."

ते गेले. छत्री राहिली.

* * *

घर विकायला काढलंय हे मुलांच्या कानावर गेलं होतं. मंजूचा फोन आला, या घरातला शेवटचा दसरा, सगळेच येतो. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भीमराव दुकानात आले तेव्हा घाईत होते. पलंग परत खोल्यांत नेले, हॉल झाडून रिकामा केला, चारही खोल्यांत नव्या चादरी घातल्या, हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. गिऱ्हाइकाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाईंनी मात्र सकाळीच निरोप पाठवला होता, दसऱ्यानंतर मी थांबणार नाही.

दसऱ्याच्या सकाळी हत्तींची सवारी बघायला लांबलांबून माणसं येतात. निंगेगौडाही पहिल्या बसने आले, थेट माझ्याकडे.

"मामा, दुसरं एखादं घर आहे का? आणि माझी छत्री?"

घर नव्हतं. छत्री आणायला दोघं भीमरावांकडे गेलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं आणि उंबऱ्यावरच थांबलो.

हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चटया अंथरल्या होत्या. त्यांवर वसंत, गोपाळ, जावई, पाचही नातवंडं आणि अगदी टोकाला भीमराव ओळीने गाढ झोपले होते. सुना आणि मंजू आत स्वयंपाकघरात होत्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मधल्या नातवाचा पाय जावयाच्या पोटावर होता. खालच्या दोन्ही बेडरूमची दारं उघडी होती. आत पलंगांवर नव्या चादरी होत्या, घडीच्या रेघांसकट, कुणी बोट न लावलेल्या.

गौडांनी माझी बाही ओढली. "मामा, हा हॉल त्या दिवशी कुठे होता?"

"इथेच होता," मी म्हटलं. "कपाटांच्या खाली."

त्यांनी उंबऱ्यावरच चपला काढल्या. पावलांचा आवाज न करता ओळीच्या टोकाला गेले आणि भीमरावांच्या पलीकडे अंग टाकलं. हात लांब केले. या कुशीवर झाले, त्या कुशीवर झाले. कुणाला धक्का लागला नाही. भीमरावांनी झोपेतच थोडं सरकून जागा दिली.

सुशीलावहिनी गुडघ्यावर एक हात ठेवून, दुसऱ्या हातात काफीचं तबक घेऊन बाहेर आल्या. ओळीवरून एकदा नजर फिरवली, थांबल्या, परत पहिल्यापासून फिरवली.

"मामा, आत जाताना मी नऊ मोजले होते. हा दहावा कोण?"

गौडांनी डोळे उघडले नाहीत.

"घराचा यजमान, अम्मा," ते म्हणाले. "काफी मलाही चालेल."