डावीकडं ओढणारी गाडी

देवावर माझा विश्वास होताच. फक्त स्वतःवर जरा जास्त होता. नाहीतर आयुष्यभर विमा विकलेला माणूस निवृत्तीनंतर सुट्या भागांची खोकी मागवून अंगणात मोटार जोडायला बसला असता का? पिवळ्या फायबरची, उघड्या टपाची, दोनच माणसांची ती गाडी उभी राहिली तेव्हा गल्लीनं तिचं नाव ‘पिवळा टब’ ठेवलं. मला त्याचं दुःख नव्हतं. लग्नानंतर आम्ही जोडीनं जोतिबाला गेलो होतो ते एसटीत उभ्यानं. त्या घाटात, दांडीला लोंबकळत, मी सौ.ला शब्द दिला होता की एक दिवस आपल्या गाडीतनं येऊ. म्हणून पहिली फेरी जोतिबाला, तीही जोडीनं, असा नवस मी परस्पर बोलून बसलो होतो.

अडचण एवढीच की गाडी डावीकडं ओढायची. स्टेअरिंग जरा सैल सोडलं की चरायला सुटलेल्या म्हशीगत रस्त्याकडेच्या उसाकडं निघायची. त्यात एकदा सौ.च्या हाती एक डबा लागला. “अहो, हे मूठभर नट कशाचे?” मी प्रामाणिकपणे म्हटलं, “उरलेत.” तिनं डब्याचं झाकण लावलं आणि सांगून टाकलं, “गाडी सरळ चालेपर्यंत मी हिच्यात बसणार नाही. नवस तुम्ही बोललाय, तुम्हीच बघा.”

चाकांची अलाइनमेंट करणाऱ्या दुकानांत मी खेटे घातले. तिथला माणूस संगणकासमोर बसून विचारायचा, “कंपनी कुठली?” मी छाती काढून सांगायचो, “मीच!” त्याच्या संगणकातल्या यादीत काही मी सापडायचो नाही. मग अंदाजानं चाकं फिरवली जायची, मी बाजूला उभा राहून फुकटचे सल्ले द्यायचो, आणि दुकानाबाहेर पडताच गाडी पुन्हा डावीकडं. खरं सांगतो, देवाचाही राग आला. तुझ्याच दारी यायचंय ना बाबा, मग एवढं एक चाक सरळ करायला तुझं काय जातंय?

त्या रविवारी एकटाच चाचणीला पन्हाळा रोडनं निघालो. केर्लीच्या अलीकडं जोतिबाचा डोंगर समोर आला आणि लहानपणापासूनच्या सवयीनं माझे हात जोडले गेले. दोन्ही. ‘चांगभलं’ तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत गाडी डावीकडं वळून, उघड्या फाटकातून एका गुऱ्हाळाच्या आवारात शिरली आणि चिपाडांच्या ढिगात नाक खुपसून थांबली.

शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून एक दणकट म्हातारा बाहेर आला. “पावणं, गूळ पायजे हुता तर हाक मारायची की! थेट रसाच्या काहिलीत उतरताय व्हय?” हे दस्तगीर मिस्त्री. एकेकाळी शर्यतीच्या गाड्यांची चाकं लावायचे. गाडीचं दुखणं ऐकून त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “ह्ये काम येणारी कोल्हापुरात दोनच माणसं. दुसरा वारला.”

त्यांनी चाकांची रेघ जोखायला गाडीच्या दोन्ही अंगांना दोरे ताणले आणि मला आत बसायला फर्मावलं. आजवर हे कुणी सांगितलंच नव्हतं. “गाडी हलकी, आन् तुमी ह्ये असं भरगच्च. रिकामी गाडी सरळ करून काय उपेग? तुमी बसला की एका अंगाला दबणारच. शेजारी कोण बसणार?”

“सौ. पण गाडी सरळ झाल्याशिवाय त्या बसणार नाहीत.”

“आन् त्या बसल्याबिगर गाडी सरळ व्हायची न्हाय!” मिस्त्री हसत हसत टायरवरच बसले. मग डोळे पुसत म्हणाले, “बरं, वैनींच्या जागी गुळाच्या ढेपा ठिवू. किती ठिवू सांगा.”

संसारात काही प्रश्न विचारायचे नसतात, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मी फोन लावून सौ.ला तिचं वजन विचारलं. “कशाला?” मी खरं ते सांगितलं. मग, “कुठं आहात?”

रिक्षा फाटकात थांबली. सौ. उतरली, तिनं शेजारच्या सीटवर अंदाजानं ठेवलेल्या ढेपांकडं बघितलं, पदर खोचला. “माझ्या जागी गूळ? उचला तो!” आणि ती बसली. वाकड्या गाडीत, सरळ झाल्याची कसलीही खात्री नसताना.

मिस्त्री चाकाशी आडवे झाले. मला राहवेना. “मिस्त्री, डावं जरा बाहेर—”

“पावणं, गाडीत बसलाय न्हवं? मग बसा की!”

बसलो. तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. निघताना मिस्त्री म्हणाले, “माझ्या नावानंबी चिमूटभर गुलाल उधळा.”

डोंगर पुन्हा समोर आला. माझे हात शिवशिवले, तेवढ्यात सौ. म्हणाली, “तुमचा नमस्कार मी करते. तुम्ही गाडी बघा.” तिनं हात जोडले आणि डोळे मिटले. माझ्या चालत्या गाडीत, ती नटांचा डबा बघितलेली बाई, डोळे मिटून बसली होती. चमत्कार म्हणावा की माझा वेंधळेपणा, ते तुम्ही ठरवा. मी एवढंच जाणतो की ज्या खोडीपायी मी देवावर रुसलो, तीच खोड धरून त्यानं मला त्या फाटकात ओढलं. मी मात्र इतके दिवस गाडीबाहेर उभा राहून त्यालाच सल्ले देत होतो. सगळं सरळ झाल्यावर बसू, असं म्हणणाऱ्याचं काहीच सरळ होत नाही; आधी बसावं लागतं.

सौ.नं डोळे उघडले तेव्हा घाट सुरू झाला होता. रस्ता डावीउजवीकडं वळत होता आणि गाडी एका बोटावर त्याच्यामागून चालली होती. “सरळ चालली की हो,” ती म्हणाली.

‘घाटात सरळ कसली?’ अशी दुरुस्ती सुचवायचा मोह झाला. पण गाडीत बसलो होतो न्हवं? मग बसलो.