दुसरा स्विच

वडिलांचं तेरावं नांदेडला उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी लातूरला कामावर आलो. डोक्यावर केस नव्हते, त्यामुळे रुग्णालयात कुणाला काही सांगावं लागलं नाही.

सर्व्हरच्या खोलीत जुन्या स्टोरेजला, म्हणजे डेटा ठेवणाऱ्या डिस्कच्या पेटीला, घरघर लागली होती. त्यातली एक डिस्क गेलेली, दुसरी जाण्याच्या बेतात. रुग्णांचे सगळे रिपोर्ट सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या ज्या व्हर्च्युअल मशीनमध्ये होते, त्या याच स्टोरेजवर. बॅकअप सर्व्हरनं त्या मशीन नव्या स्टोरेजवर उतरवून घेईपर्यंत जुनं टिकायला हवं होतं. मी नसताना केबलचं काम आप्पांनी केलं होतं. आप्पा माझे सहकारी, औशाचे, निवृत्तीला आलेले.

बॅकअप सर्व्हरपासून नव्या स्टोरेजकडे दोन वाटा असाव्या लागतात, दोन वेगळ्या स्विचमधून, म्हणजे केबल जोडायच्या पेट्यांमधून. एक तुटली तर दुसरीनं काम चालू राहतं. पण दोन वाटांनी दिसणारी एक डिस्क सर्व्हरला दोन वाटते. ती एकच आहे, हे त्याला लिहून सांगावं लागतं. मी ते लिहीत बसलो. एकेक ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो आणि अर्थ आत शिरत नव्हता. अखेर दोन्ही वाटा चालू दिसल्या. बॅकअप सुरू करण्याआधी खात्री करावी म्हणून जुन्या स्विचचा प्लग काढला, तर दोन्ही वाटा एकदम गेल्या.

रॅकच्या मागे जाऊन पाहिलं. दोन्ही केबल जुन्या स्विचमध्येच होत्या. मी नांदेडला गेल्यावर आलेला नवा स्विच प्लास्टिकमध्ये तसाच ठेवलेला, त्यावर हळदीकुंकवाची पुडी आणि नारळ.

“तुमच्याबिगर कुनी फोडायचा, सर?” आप्पा म्हणाले. “म्हनलं, तेरावं होऊ द्या.”

त्यांच्याकडे तेराव्यानंतर सगळं मोकळं होतं. आमच्याकडे वडील गेल्यावर वर्षभर शुभकार्याला हात लावत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. आप्पा जुन्या स्टोरेजकडे बघत म्हणाले, “मंग ह्याला वरीसभर सलाईन लावून ठिवायचं का?”

मला हसू आलं, आणि त्यानंही थकायला झालं.

“तुम्ही फोडा, आप्पा. मोठे तुम्हीच.”

त्यांनी नारळ फोडेपर्यंत मी दाराबाहेर थांबलो. मग एक केबल नव्या स्विचमध्ये लावली, पुन्हा जुन्याचा प्लग काढला. एक वाट गेली, एक राहिली. प्लग परत लावून बॅकअप सुरू केला.

दुपारभर आम्ही त्याच्यासमोर बसून होतो. आप्पांनी वडिलांना काय झालं होतं ते विचारलं. मी थोडंसं सांगितलं. ऊन उतरताना बॅकअप पूर्ण झाला. नव्या स्टोरेजवरून मशीन चालू करून काही जुने रिपोर्ट उघडून पाहिले. सगळे उघडले.

आता जुनं बंद करायचं होतं. मी उठलो, तशी आप्पांनी माझ्या दंडाला धरलं.

“ते मी बंद करतो, सर. तुमी बाहेर बसा.”

मी बाहेर जाऊन बसलो.